ॲक्शन स्क्रू किती आवळायचे? दस्ता काढून बसवल्यापासून ग्रुप फाकलाय

देवराई_पेन्सिल्व्हेनिया
.३०८ ची बोल्ट ॲक्शन रायफल, अक्रोडाचा दस्ता, खाली ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग) दस्त्याला धरणारे दोन ॲक्शन स्क्रू. पिलर (स्क्रूभोवतीच्या धातूच्या नळ्या) नाहीत, बेडिंगही (ॲक्शन घट्ट बसावी म्हणून दस्त्यात इपॉक्सीचा थर) केलेलं नाही. पावसात भिजली म्हणून दस्ता काढून वाळवला आणि परत बसवला. आधी १०० यार्डांवर पाच गोळ्या सव्वा इंचात बसायच्या. आता अडीच-तीन इंच, तेही उभ्या रेषेत, आणि ग्रुपचा मध्य दोन इंच खाली. काडतुसं तीच आहेत. स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळलेत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल हंगाम सुरू होतो, त्याआधी झिरो (स्कोपचा नेम) पक्का करायचाय. टॉर्क (आवळण्याचा जोर) किती द्यावा? आधी पुढचा स्क्रू की मागचा?

नळीवाला
नुसत्या लाकडावर बसलेल्या ॲक्शनला ३५ ते ४५ इंच-पाऊंड, म्हणजे साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमचे पिलर असतील तर ६५ पर्यंत जाता येतं. पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. पिलर नसताना ६५ दिलेत की ॲक्शनखालचं लाकूड चेपतं, स्क्रू ढिला लागतो, माणूस तो परत आवळतो आणि दर खेपेला ॲक्शन केसभर खाली उतरते. शेवटी नळी दस्त्याला टेकते.

दस्त्याला हात लावण्याआधी स्कोपच्या बेसचे आणि रिंगांचे स्क्रू मात्र तपासा. दोष तिथे असला तर खालची सगळी मेहनत वाया.

चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हींनी बघा, बोल्ट बाहेर काढा. स्क्रूच्या आट्यांवरचं तेल पूर्ण पुसा, कारण तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला ताण जास्त येतो. दोन्ही स्क्रू बोटांनीच लावा. मग रायफल बटवर उभी करून जाड रबरावर दोन-तीनदा हलकेच आपटा, म्हणजे रिकॉइल लग (गोळीचा धक्का झेलणारा, ॲक्शनखालचा ठोकळा) मागच्या भिंतीला चिकटते. ही पायरी बरेच जण गाळतात. मग पहिल्या काही गोळ्यांच्या धक्क्याने ॲक्शन मागे सरकते आणि लावलेला झिरो हलतो. यानंतर पुढचा २०, मागचा २०. पुढचा ३०, मागचा ३०. शेवटी दोन्ही ४०. १० ते ६५ इंच-पाऊंडांचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर यासाठी पुरे. खाचेचा स्क्रू असेल तर खाचेच्या रुंदीचंच पातं वापरा.

हा क्रम दोन स्क्रूंच्या ॲक्शनचा. विंचेस्टर मॉडेल ७० ला तीन असतात. तिथे मधला स्क्रू फक्त टेकवायचा, तो ओढला की ॲक्शन मधोमध वाकते. रुगर एम७७ चा पुढचा स्क्रू तिरका असतो आणि ॲक्शनला खाली आणि मागे ओढतो, म्हणून तिथे तोच आधी पूर्ण आवळायचा.

कोरडा_सागवान
वरच्याशी सहमत, पण ग्रुप उभा पसरतोय म्हणून माझा संशय टॉर्कपेक्षा बेडिंगवर आहे. भिजलेलं लाकूड फुगतं, वाळताना आक्रसतं आणि दर वेळी जुन्या जागी येईलच असं नाही. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा. दस्त्याच्या पुढच्या टोकाशीच अडली तर लगेच कानस काढू नका. कित्येक कारखानी दस्त्यांत तिथे मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो, नळीला खालून दाब मिळावा म्हणून. तो दाब कमी झाला तर ग्रुपचा मध्य खाली येऊ शकतो आणि तुमची लक्षणं त्याच्याशी जुळतात. एका बाजूलाच घासत असेल तर मात्र दस्ता वाकलाय.

दुसरी चाचणी डायल गेजची. चुंबकी बैठक नळीवर, सुई दस्त्याच्या टोकावर. मागचा स्क्रू आवळलेला ठेवून पुढचा हळूहळू सोडा. सुई ०.००२ इंचापर्यंत हलली तर ठीक. ०.००५ च्या पुढे गेली तर स्क्रू ॲक्शनला वाकवून बसवतायत. गेज नसेल तर नळी आणि दस्त्याच्या सांध्यावर बोट ठेवून स्क्रू सोडा-आवळा, हालचाल बोटाला कळते.

मग ३०, ३५, ४०, ४५ अशा चार टॉर्कवर पाच-पाच गोळ्यांचे दोन-दोन ग्रुप. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर भरवसा नको. शिकारी रायफलीची नळी बारीक असते, म्हणून प्रत्येक ग्रुपनंतर ती हाताला गार लागेपर्यंत थांबा. ३५ ते ४५ मध्ये फारसा फरक नसेल तर ४० ठेवून मोकळे व्हा. पण पाच इंच-पाऊंडांनी ग्रुप दुप्पट होत असेल तर 'जमणारा' आकडा शोधण्यात अर्थ नाही. हीटर लावलेल्या घरात लाकूड सुकलं की तो आकडा उरणार नाही. तेव्हा पिलर आणि इपॉक्सी बेडिंगच करून घ्या. ते करताना लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली टेप लावा, मागची बाजू उघडी ठेवा. रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) आट्यांसकट सगळ्या धातूला लावा. आट्यात इपॉक्सी शिरलं तर ॲक्शन दस्त्यातून सुटणार नाही.

बालेवाडी_५०मी
भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण .२२ मॅच रायफलीवर आम्ही हेच करतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर असतं, त्यामुळे ॲक्शन स्क्रूमधला फरक लगेच दिसतो. सहसा ४ ते ६ न्यूटन-मीटर, कारखान्याचा आकडा पाहून. आकडा ठरला की स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत पेन्सिलीची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली तर स्क्रू फिरलाय. पण रेघ जुळतेय म्हणून लाकडावर निर्धास्त राहू नका. लाकूड आक्रसलं तर स्क्रू न फिरताही ताण जातो, हंगामाआधी टॉर्क परत मोजायचाच. लाल लॉकटाइट (आटे पक्के चिकटवणारा गोंद) अजिबात नको.

देवराई_पेन्सिल्व्हेनिया
आभार. स्कोप घट्ट आहे, कागद टोकाशी अडतो, दोन्ही बाजूंना सारखाच. लग बसवून दोन्ही स्क्रू ४० वर नेले. पण आता बोल्टची मूठ शेवटच्या टप्प्यात जड जाते. पुढचा स्क्रू सैल केला की सुरळीत.

नळीवाला
गोळीबार करू नका. दोन्ही स्क्रू काढून शेजारी ठेवा. लांबी वेगळी असेल तर बहुधा अदलाबदल झालीय, लांब स्क्रू पुढे गेला असेल. बऱ्याच ॲक्शनमध्ये पुढच्या स्क्रूचं भोक बोल्टच्या लगच्या (बोल्टला जागी अडकवणाऱ्या दातांच्या) खोबणीत उघडतं. टोक किंचित वर आलं की लग त्यावर घासते, आणि टॉर्क रेंचवर ४० दिसले तरी दस्ता नीट ओढलेला नसतो. टोकाला मार्करची शाई लावून, स्क्रू बसवून बोल्ट एकदा फिरवा. शाई पुसली तर तेच कारण. स्क्रू जागच्या जागी असूनही लागत असेल, तर लाकूड चेपून ॲक्शन खाली आलीय. आधी स्क्रूवर एक नट चढवा, टोक अर्धा-पाऊण मिलिमीटर कानसा, मग नट फिरवत बाहेर काढा, म्हणजे बिघडलेले आटे सरळ होतात. पुन्हा शाईची चाचणी, मग ४०.