विम कॉक: कामगारांचा पुढारी की मालकांची सोय?

दर्यापार (धागाकर्ता)
नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान आणि त्याआधीचे कामगार पुढारी विम कॉक यांचं नाव निघालं की "त्यांनी कामगारांना विकलं" हे वाक्य हमखास येतं. मला ते साफ अमान्य आहे.

बेर्गआम्बाख्त गावच्या सुताराचा हा मुलगा. जन्म १९३८. व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन १९६१ मध्ये कामगार संघटनेत लागला, १९७३ मध्ये अध्यक्ष झाला. समाजवादी आणि कॅथलिक संघटना एकत्र येऊन एफएनव्ही हा कामगार महासंघ उभा राहिला, त्याचंही नेतृत्व त्यांच्याकडेच. १९८२ ची परिस्थिती आठवा. कारखान्यांना कुलपं लागत होती, दहा टक्क्यांच्या आसपास लोक बेकार, आणि नव्याने आलेलं पंतप्रधान रूड लुबर्स यांचं सरकार पगार गोठवायच्या तयारीत. मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष क्रिस व्हान व्हेन यांच्या हेगजवळच्या वासेनार गावातल्या घरी बोलणी झाली आणि २४ नोव्हेंबरला करार झाला. महागाई वाढली की आपोआप होणारी पगारवाढ संघटनांनी सोडायची, त्या बदल्यात कामाचे तास कमी करून काम जास्त हातांत वाटायचं. बऱ्याच ठिकाणी आठवड्याचे ४० तास ३८ वर आले.

पदरात असलेली वाढ सोडा, हे आपल्याच सभासदांना सांगायला छाती लागते. पुढची आठ वर्षांची पंतप्रधानकी मला यापुढे दुय्यम वाटते. २००१ पर्यंत बेकारी चार टक्क्यांच्या खाली आली, त्याचा पाया इथे घातला गेला.

गिरणगावकर
अजिबात पटलं नाही. मालकांना मिळालं ते रोख, कामगारांना मिळालं ते उधार. पगारवाढ सुटली ती लगेच. तास किती आणि कधी कमी होणार, हे मात्र क्षेत्राक्षेत्रातल्या वाटाघाटींवर सोडलेलं. कागदाचं नावच होतं 'शिफारशी'. संघटनेला ३५ तास हवे होते, गाडी ३८ वर येऊन अडली.

सरकारने तरी कुठे सोडलं? वर्षभरात सरकारी नोकरांच्या पगारावर आणि भत्त्यांवर साडेतीन टक्क्यांची कात्री लावायचं काढलं. १९८३ च्या शरदात टपाल, रेल्वे, सगळीकडे संप झाले, तरी शेवटी तीन टक्के कापलेच. ज्याच्या धाकाने करार केला, त्याच सरकारने पाठीवर मारलं.

शुभदा_आइंडहोव्हन
दोघेही फक्त कारखान्यातल्या पुरुषाचा विचार करताय. मी इथे आठवड्याचे चार दिवस काम करते, बुधवारी घरी असते. आमच्याकडे बुधवारी शाळा लवकर सुटते. फाटकाशी बघा, बहुतेक आयाच उभ्या असतात, बाप थोडे. काम वाटून घ्यायचं ठरलं आणि अर्धवेळेचा वाटा बायकांच्या पदरात पडला. इथल्या नोकरी करणाऱ्या दहांतल्या साधारण सात जणी आजही अर्धवेळ आहेत.

पण हेही सांगते की अर्धवेळ म्हणजे इथे दुय्यम नोकरी नाही. तासाचा दर, रजा, निवृत्तिवेतन यांत भेदभाव करायचा नाही हा कायदा १९९६ चा. तास कमी-जास्त करून मागायचा हक्क २००० चा. दोन्ही कॉक पंतप्रधान असतानाचे. माझी बुधवारची सुट्टी मला साहेबाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. म्हणून मी त्यांना सरसकट दोष देणार नाही.

गिरणगावकर
शुभदाताई, तुमचा मुद्दा मान्य, पण चित्र पुरं करा. १९८९ मध्ये हेच कॉक लुबर्स यांचे अर्थमंत्री झाले. १९९१ मध्ये काम करण्यास असमर्थ ठरलेल्यांच्या भत्त्यात कपात करायला त्यांनी पाठिंबा दिला. हेगमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. कॉक यांच्या मजूर पक्षाचे सभासद ढीगभर सोडून गेले. ज्याचा हात यंत्रात गेलाय, ज्याची पाठ गेलीय, त्याच्या ताटातलं काढलं! आणि १९९५ मध्ये भाषण केलं की विचारसरणीची पिसं झाडून टाकण्यात मुक्ततेचा अनुभव आहे.

त्याहून वाईट पुढे. १९९७ मध्ये कंपन्यांच्या वरिष्ठांच्या पगारवाढीला त्यांनी 'दिखाऊ स्वार्थ' अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. निवृत्तीनंतर आयएनजी या बँकेच्या पर्यवेक्षक मंडळावर बसले आणि तिथल्या वरिष्ठांच्या घसघशीत पगारवाढीला संमती दिली. पाठोपाठ शेल ही तेल कंपनी, केएलएम ही विमान कंपनी, तिथल्या मंडळांवरही बसले. याला काय म्हणायचं?

दर्यापार
आयएनजीचं समर्थन मी करणार नाही, ते करण्यासारखं नाहीच. पण एका माणसाच्या उतारवयातल्या निर्णयावरून १९८२ चं माप काढू नका. असमर्थता भत्त्याचं म्हणाल, तर तेव्हा भत्ता घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या उंबरठ्यावर होती, तेही दीड कोटींच्या देशात. मालक नको असलेली माणसं त्या योजनेत ढकलत होते. कुणीतरी हात घालायलाच हवा होता. कॉक यांनी नाइमेखनच्या अधिवेशनात आपलं पद पणाला लावलं आणि पक्षाकडून होकार घेतला.

जबाबदारीचं म्हणाल, तर बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा बघा. १९९५ मध्ये डच सैनिकांच्या संरक्षणाखाली असलेल्या त्या गावातल्या हजारो बोस्नियाक पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. २००२ च्या एप्रिलमध्ये चौकशी अहवाल आला आणि निवडणूक महिन्याभरावर असताना कॉक यांनी सरकारसह राजीनामा दिला.

गिरणगावकर
सात वर्षांनी! तोपर्यंत त्यांना एकही निवडणूक लढवायची बाकी नव्हती, ते आधीच निवृत्ती जाहीर करून बसले होते. आणि त्या मे महिन्यात पक्ष ४५ जागांवरून २३ वर आला. आपला माणूस समजून ज्यांनी मत दिलं, त्यातले कितीजण पिम फॉर्टाउनच्या पक्षाकडे गेले, याचं उत्तर कॉक यांच्या चाहत्यांनी द्यावं.

शुभदा_आइंडहोव्हन
ते सगळं खापर वासेनारच्या करारावर फोडता येणार नाही. फॉर्टाउन यांचा जोर स्थलांतरितांच्या प्रश्नावर होता, आणि मतदानाच्या नऊ दिवस आधी त्यांची हत्या झाली. गिरणगावकर, मला एवढंच सांगा: २४ नोव्हेंबर १९८२ ला कॉक यांच्या खुर्चीत तुम्ही असता, समोर पगार गोठवायला टपलेलं सरकार आणि रोज कामावरून कमी होणारे सभासद, तर सही न करता तुम्ही दुसऱ्या दिवशी नेमकं काय केलं असतं?

गिरणगावकर
सही केली असती. पण तासांची तारीख आणि आकडा कागदावर आल्याशिवाय पेन उचललं नसतं.