मदत हवी आहे: पीएमपीच्या (पुण्याची शहर बससेवा) एका मार्गाची कार्यक्षमता मोजायची कशी?

खिडकीची_सीट
स्वारगेट–हडपसर पट्ट्यातल्या एका मार्गाचा अहवाल नागरी गटासाठी करायचा आहे. हाताशी आहे ते एवढंच: दर किलोमीटर उत्पन्न, रोजची तिकिटं आणि सकाळी दोन तास एका थांब्यावर टिपलेल्या बसच्या वेळा. वेळापत्रकात दर १० मिनिटांनी बस आहे. आमच्या नोंदींतही दोन बसमधलं सरासरी अंतर १० मिनिटंच निघालं. मग लोक ओरडतात का? आणि भारमान, म्हणजे आसनं भरण्याचं प्रमाण, ५२ टक्के असताना आत पाय ठेवायला जागा का नसते?

डेड_किलोमीटर
सरासरीनेच घोळ केलाय. बस २, १८, २, १८ मिनिटांनी आल्या तरी सरासरी १०च येते. पण थांब्यावर येणाऱ्या दर १०० माणसांतली ९० त्या १८ मिनिटांच्या खिंडीत सापडतात. प्रत्येक अंतराचा वर्ग करा, वर्गांच्या बेरजेला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा: २ आणि १८ ही दोनच अंतरं धरली तर ३२८ भागिले ४०, म्हणजे सरासरी प्रतीक्षा ८.२ मिनिटं. बस नीट १०-१० मिनिटांनी आल्या असत्या तर हाच आकडा ५ आला असता.

दोन बसची अशी जोडी जमते कशी? पुढची बस जरा रेंगाळली की थांब्यावर माणसं वाढतात, चढा-उतरायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला कोणी उरत नाही, ती येऊन चिकटते. त्यामुळे एकाच थांब्यावरच्या नोंदी पुरणार नाहीत. सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी माणसं बसवा आणि गाडी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहाच, नाहीतर कागद जुळत नाहीत. बस सुरुवातीलाच जोडीने सुटत असतील तर आधी सोडण्याच्या वेळा आणि दोन फेऱ्यांमधली विश्रांती तपासा. जोडी वाटेत जमत असेल तर चौक आणि थांबे बघा.

भारमान म्हणजे प्रवासी-किलोमीटर भागिले आसन-किलोमीटर. समजा ४० आसनांची बस १२ किमी गेली: आसन-किमी ४८०. चढले ६३, प्रत्येकी सरासरी ४ किमी: २५२. भारमान ५२.५ टक्के. पण त्यातल्याच मधल्या ३ किमीत बसमध्ये ५५ जण असू शकतात. सर्वांत गर्दीचा टप्पा शोधून तिथली डोकी वेगळी मोजा.

ताळेबंद
दर किलोमीटर उत्पन्नावर भिस्त ठेवू नका. फेऱ्या कमी केल्या की उरलेल्या बस कोंबून भरतात आणि हा आकडा छान दिसायला लागतो! शेजारी रद्द फेऱ्या आणि दर किलोमीटर खर्च हवाच. भाड्याच्या बसच्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळत असतील तर गर्दी वाढल्या-घटल्याने त्याचं काही अडत नाही. शिवाय पासवाल्यांचं तिकीट फाटत नाही, म्हणून नुसत्या तिकिटांवरून काढलेले प्रवासी कमीच भरतात.

डेड_किलोमीटर
पासबद्दल सहमत. उत्पन्न अगदी टाकू नका मात्र, एकाच मार्गाची महिन्या-महिन्यांची तुलना करायला ते चालतं. दोन मार्गांची तुलना नको.

वेगही धरा. एका बाजूला ६५ मिनिटं आणि प्रत्येक टोकाला १० मिनिटं विश्रांती, म्हणजे पूर्ण चक्कर १५० मिनिटांची. दर १० मिनिटांना बस सोडायची तर १५ बस लागतात. तोच प्रवास ५५ मिनिटांत झाला तर १३ बसमध्ये भागतं. म्हणजे मोकळी मार्गिका दोन बस विकत घेतल्यासारखीच.

खिडकीची_सीट
८.२ मिनिटं वाईट की बरी, हे कशावर ठरवू? आणि रद्द फेऱ्यांचा हिशोब कुठून मिळेल?

ताळेबंद
केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचे २००९ चे सेवा-पातळीचे निकष बघा. सरासरी प्रतीक्षा ४ मिनिटांपर्यंत असेल तर पहिली पातळी, १० च्या वर गेली तर चौथी. ८.२ म्हणजे तिसरी.

फेऱ्यांसाठी माहितीचा अधिकार, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'मार्गाची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहिलंत तर कार्यालयात येऊन कागद बघा असं उत्तर येऊ शकतं. एकच मार्ग, एकच महिना, आणि दिवसवार नियोजित फेऱ्या, झालेल्या फेऱ्या, रद्द होण्याचं कारण (चालक नाही, वाहक नाही, ब्रेकडाउन) एवढंच मागा. ब्रेकडाउनचा आकडा दर १०,००० किमीमागे काढा. आणि डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर वेगळे मागा. एकूण किलोमीटरमध्ये ते मिसळले की किलोमीटरवरचे भागाकार चुकतात.