अँथ्रासीन-अमीन सेन्सर पीएच ११ लाही पूर्ण विझत नाही. चूक कुठे शोधावी?

नवा_फ्लोरोफोर

डी सिल्व्हा पद्धतीचा साधा पीईटी (प्रकाशामुळे होणारे इलेक्ट्रॉन स्थानांतर) सेन्सर आहे: ९-क्लोरोमिथाइल अँथ्रासीनवर डायइथाइल अमीन जोडलेले. मिथेनॉल-पाणी १:४, सेन्सर १० मायक्रोमोलर, एक्सायटेशन (रेणू उत्तेजित करणारा प्रकाश) ३६८ नॅनोमीटर. पीएच ३ ला झकास उजळतो. अमीनवरचा प्रोटॉन निघाला की इलेक्ट्रॉन अँथ्रासीनकडे उडी मारणार आणि उजेड विझणार, हे अपेक्षित. पण पीएच ११ ला तीव्रता कमाल मूल्याच्या ८ टक्क्यांवर अडकते. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) स्वच्छ वाटतो. स्पेसर (अँथ्रासीन आणि अमीन यांना जोडणारा दुवा) बदलावा का?

दुसरे असे की प्रबंधाच्या प्रस्तावनेत या संशोधनाचा 'परिणाम' लिहायचा आहे. पेपर सोडून हे कुठे वापरात आले का?

क्युव्हेट_धुणारा

स्पेसरला हात लावू नका. एका मिथिलीनइतके अंतर पीईटीसाठी उत्तमच आहे. आधी ब्लँक (सेन्सर नसलेल्या द्रावणाचे मोजमाप) वजा केलाय का ते बघा. ३६८ ला पाण्याचा रामन पट्टा (पाण्याने विखुरलेला प्रकाश) ४२१ नॅनोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे नेमका अँथ्रासीनच्या उत्सर्जनावरच. आम्लात तो दिसतही नाही, पण विझलेल्या द्रावणात तोच सिग्नल वाटतो. खात्री करायची तर एक्सायटेशन ३५० ला न्या. जे शिखर सरकून ३९७ जवळ जाईल ते रामन, जे जागेवर राहील ते अँथ्रासीन. स्लिट आणि डिटेक्टरचे व्होल्टेज मात्र पूर्ण टायट्रेशनभर (पीएच टप्प्याटप्प्याने बदलत मोजताना) एकच ठेवा. मधेच 'सिग्नल कमी आहे' म्हणून स्लिट उघडली की आलेख गेला.

आम्ल_आम्लारी

रामनचा मुद्दा बरोबर, पण माझा पहिला संशय ९-अँथ्रासीन मिथेनॉलवर. क्लोराइडला ओलावा लागला की ते तयार होते. त्यात अमीन नाही, म्हणून ते कोणत्याही पीएचला उजळतेच. हिशोब करून बघा: सेन्सरची खरी विझलेली अवस्था १ टक्का असेल आणि हे अल्कोहोल १ टक्का असेल, तर तळाची तीव्रता जवळपास दुप्पट होते. एनएमआरमध्ये ५.६ पीपीएमचा भाग उभा ताणून बघा, तुमच्या सेन्सरचे मिथिलीन साडेचारच्या आसपास असेल. टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थरावरची शुद्धता चाचणी) भरवसा नको. सिलिका आम्लधर्मी असल्याने त्यावर अमीनचा ठिपकाही उजळू शकतो. इल्युएंटमध्ये (थरावर चढणाऱ्या द्रावकात) थोडे ट्रायइथाइल अमीन घाला.

शुद्धीकरणाला कॉलमची गरज नाही. पदार्थ ईथरमध्ये विरघळवा, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने काढा. अमीन पाण्यात जाते, अल्कोहोल आणि उरलेले क्लोराइड ईथरमध्ये राहते. पाण्याचा थर ताज्या ईथरने दोनदा धुवा. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग 'शुद्ध केले तरी तेच' म्हणतात. नंतर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर नेऊन परत ईथरमध्ये घ्या. दोन थरांच्या मधे पिवळट साका अडकला तर तो बहुधा तुमचाच क्षार असतो. फेकू नका, पाणी वाढवा.

पीकेए (ज्या पीएचला निम्म्या अमीनवर प्रोटॉन असतो तो) काढताना लॉग [(कमाल − आय) ÷ (आय − किमान)] विरुद्ध पीएच असा आलेख काढा (आय म्हणजे त्या पीएचची तीव्रता), उतार १ यायला हवा. सगळा बदल साधारण २ पीएच एककांत उरकला पाहिजे. ४ एककांवर पसरला तर रेणू गोळा होताहेत किंवा इलेक्ट्रोड बिघडलाय. पीएच ११ ला द्रावण किंचित गढूळ दिसले तर सेन्सर बाहेर पडतोय, २ मायक्रोमोलरवर या. आणि शटर बंद ठेवा, हवेतल्या ऑक्सिजनसोबत अतिनील प्रकाशात अँथ्रासीन खराब होते.

क्राऊन_ईथर

परिणामाबद्दल. प्रसन्न डी सिल्व्हा मूळचे श्रीलंकेचे. अँथ्रासीन-अमीनचे हे पीएच दर्शक त्यांनी १९८५ मध्ये कोलंबोहून प्रसिद्ध केले, नंतर ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात गेले. १९९३ चा 'नेचर'मधला अँड गेट (दोन्ही इनपुट असतील तरच आउटपुट देणारा) याच रेणूचा मोठा भाऊ: अँथ्रासीन, अमीन आणि बेंझो-१५-क्राऊन-५ (सोडियम पकडणारे कडे). प्रोटॉन आणि सोडियम दोन्ही मिळाले तरच प्रकाश. तुम्ही पुढे तिथे गेलात तर सोडियम हायड्रॉक्साइड वापरू नका, टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड घ्या. नाहीतर दुसरा इनपुट तुम्हीच नकळत देऊन बसाल.

पण प्रस्तावनेत गेटपेक्षा रक्ततपासणीला जास्त जागा द्या, असे माझे मत. फ्लोरोफोर (उजळणारा भाग)–स्पेसर–रिसेप्टर (आयन पकडणारा भाग) याच रचनेवर बेतलेले सोडियम-पोटॅशियम सेन्सर रक्तातले क्षार मोजणाऱ्या यंत्रांच्या कॅसेटमध्ये गेले. तिथे अँथ्रासीन चालत नाही, कारण अतिनील प्रकाशात रक्त स्वतःच शोषण आणि उत्सर्जन करते. म्हणून अमिनोनॅफ्थॅलिमाइड: निळा एलईडी, हिरवा प्रकाश. खरी मेख बंधनाच्या ताकदीत आहे. रक्तात सोडियम १३५ ते १४५ मिलिमोलर, म्हणजे रिसेप्टरचा विघटन स्थिरांकही (ज्या सांद्रतेला तो निम्मा भरतो) साधारण त्याच पट्ट्यात हवा. फार घट्ट पकडणारा रिसेप्टर निरोगी आणि आजारी दोन्ही नमुन्यांत सारखाच भरून जातो. पोटॅशियम तर फक्त ३.५ ते ५ मिलिमोलर, आणि शेजारी सोडियम तीसपट!

नवा_फ्लोरोफोर

३५० ला शिखराचा थोडा भाग ३९७ कडे सरकला, बाकी जागेवरच. ताणून पाहिल्यावर ५.६ ला छोटे शिखरही आहे. आम्लाने काढून परत मोजतो.

आम्ल_आम्लारी

मोजण्याआधी एक्सायटेशन स्पेक्ट्रमही घ्या, पीएच ३ आणि ११ दोन्हींचा. आकारात फरक दिसला तर उरलेला उजेड सेन्सरचा नाही.