ऊसतोड्यांच्या तळावर दाखवायला कोणते सिनेमे?

कोपीतली शाळा (वाळवा, सांगली):
आमच्या गावाबाहेर ऊसतोड टोळ्यांचा तळ पडलाय, बहुतेक बीडकडच्या. तिथल्या कोप्यांतल्या (झोपड्यांतल्या) मुलांना मी संध्याकाळी शिकवते. यंदा वाचनालय प्रोजेक्टर देतंय. गाव आणि तळ एकत्र बसून बघतील असे सिनेमे हवेत, गावकुसाबाहेरच्या माणसांचे, मोठ्या बॅनरचे नसले तरी चालतील. गावानं बघून नुसतं हळहळावं हे मला नकोय, आणि तळावरच्या बायकांना मान खाली घालावी लागू नये. सुरुवात नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'नं करू का?

माणदेशी:
ताई, 'फँड्री' दाखवाच, पण पहिला नको. त्यातला डुक्कर धरायचा प्रसंग आठवा. अख्खं घर डुकराच्या मागं पळतंय, गाव बघत बसून हसतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि त्या घरचा शाळकरी पोरगा जब्या जागच्या जागी उभा राहतो. मराठी सिनेमात याच्या तोडीचं मी फार थोडं बघितलंय. पण तिथं आपल्या गावातली चार पोरं खिदळली, तर शेजारी बसलेल्या कोपीतल्या पोरानं काय करायचं? आधी दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या ओळखीची होऊ द्यात.

म्हणून पहिला 'ख्वाडा', भाऊराव कऱ्हाडेंचा, २०१५ ला लागलेला. मेंढपाळाचं घर, जमीन वनखात्यात गेलेली, बाप कोर्टाची वाट बघतोय, धाकट्याला लग्नाची ओढ. आमच्या आटपाडीकडचे मेंढके चारा संपला की असंच बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतात. रानात मेंढरं बसवली की खत शेतकऱ्याला मिळतं, तरी पुढाऱ्याच्या लेखी हे उपरेच. उघड्यावरची चूल, दर मुक्कामाला नवी दादागिरी, हे सगळं तळावरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आणि ही माणसं पडद्यावर कुढत बसत नाहीत. चिडतात, भांडतात, चेष्टा करतात. मला तो सिनेमा त्यासाठीच आवडतो.

कृष्णाकाठ:
माणदेशी दादा, थोडं पटत नाही. गाव हसलं तर हसू दे, शेवटी जब्याचा दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो, तेव्हा हसणं आपोआप थांबतं. मुलांसाठी मात्र 'पिस्तुल्या' बघा. नागराज मंजुळेंचीच छोटी फिल्म, शाळेची ओढ असलेल्या पारधी पोराची. दिवसभर फडात राबलेली माणसं अडीच तास जागी राहायची नाहीत, हेही ध्यानात घ्या.

मळणगावचा पाहुणा:
मोठ्यांसाठी 'जोगवा' (२००९). देवाला सोडलेल्या पोरापोरींची गोष्ट. तिचा एक धागा आपल्या जिल्ह्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांच्या कथेतून आलाय, तेवढं गावाला आवर्जून सांगा. सार्वजनिक ठिकाणी दाखवायचं म्हणजे निर्मात्याची लेखी परवानगी घ्या, मोबाइलवरच्या वर्गणीत ते बसत नाही.
आणि ताई, वाचनालयात नका लावू. तळावर पडदा बांधा, गाव तिकडं येऊ दे. वाचनालयात त्या बायका दाराशीच बसतील.

कोपीतली शाळा:
हे शेवटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तळावरच लावते, तोड बंद असेल त्या रात्री. विजेचं मुकादमाशी बोलून बघते. आधी 'पिस्तुल्या', मग 'ख्वाडा'. 'फँड्री' हंगाम संपायच्या आत, पण कधी ते तळावरच्या बायकांना विचारून ठरवीन. 'ख्वाडा'च्या परवानगीसाठी कुणाकडे अर्ज करायचा, माहीत असेल तर इथंच लिहा.