प्लेकोला ड्रिफ्टवुड हवंच का?

तिसवाडीकर
परवा म्हापशात ब्रिसलनोज प्लेकोची जोडी घेतली, काचेला-दगडाला तोंडाने चिकटणारे ते दाढीवाले मासे. पिशवीत ऑक्सिजन भरता भरता दुकानदाराने दम दिला, "टाकीत लाकूड नसेल तर दोन महिन्यांत मरतील." आणि लगेच हातभर लाकूड पुढे केलं, ज्याला ड्रिफ्टवुड म्हणतात ते. १८०० रुपये! मासे दोन्ही मिळून ४०० चे. मी लाकूड तिथेच ठेवून आलो.

माझ्याकडे सहा वर्षं साधा प्लेको आहे, ज्याला आपण सगळे सकर म्हणतो तो. टाकीत व्हाळातले गोटे आणि एक फुटकं मडकं, लाकडाची काडीसुद्धा नाही. आज तो फूटभर झालाय. माझं मत सरळ आहे: हे 'आवश्यक' प्रकरण लाकूड विकणाऱ्यांचं. पटत नसेल तर कारण द्या, 'सगळे म्हणतात' चालणार नाही.

करवंटी
नाही पटलं. सकर वेगळा, ब्रिसलनोज वेगळा. माझे ब्रिसलनोज रात्री दिवा घालवला की लाकडाला चिकटतात आणि सकाळी त्यावर खरवडल्याच्या खुणा दिसतात. लाकडावर जो बुळबुळीत थर धरतो ना, तेच त्यांचं चरायचं कुरण. दिवसा लपायला जागा तीच. तुमचा सकर जगला म्हणजे तो सुखात होता हे कशावरून?

तिसवाडीकर
थर गोट्यांवरही धरतो. लपायला मडकं आहे. लाकडाचं असं खास काय, ते सांगा की.

खाजनातला
दोघेही 'प्लेको' म्हणजे एकच मासा धरून भांडताय. त्या कुळात ९०० हून जास्त जाती आहेत, सगळ्या दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या. झेब्रा प्लेको ब्राझीलच्या शिंगू नदीत खडकांच्या फटींत राहतो आणि त्याला मांसाहार जास्त मानवतो. त्याच्या टाकीत लाकूड नसलं तर काही बिघडत नाही, दगडांच्या कपाऱ्या हव्यात. उलट पॅनाक, तोही याच कुळातला. त्याचे दात चमच्यासारखे, लाकूड तासायलाच बनलेले. त्याच्या टाकीच्या तळाशी रोज भुसा साचतो.

आता गंमत अशी की पॅनाकलाही लाकूड वाळवीसारखं पचत नाही. २००९ साली या माशांच्या आतड्यांवर संशोधन प्रसिद्ध झालं. खाल्लेलं लाकूड चार तासांच्या आत बाहेर पडतं, सेल्युलोज जवळपास तसंच राहतं. कुजक्या लाकडात सूक्ष्मजीवांनी आधीच मऊ करून ठेवलेलं जे असतं, त्यावर तो जगतो. तरी पॅनाक पाळणाऱ्याने लाकूड द्यावंच, त्याचं तोंड त्याच कामाचं आहे. ब्रिसलनोजला मात्र ते चालतं, आवडतं. 'नसेल तर मरेल' हे खोटं.

करवंटी
पचत नाही म्हणून काय झालं? भाजीतला चोथा आपल्याला तरी कुठे पचतो! पोट साफ राहतं ना.

खाजनातला
चोथा काकडीत आहे, दुधीत आहे. दुधीची चकती उकळत्या पाण्यातून काढून घाला, सकाळी नुसती साल उरते. तुमचे मासे लाकूड खरवडतात हे मीही पाहिलंय. खरवडणं म्हणजे गरज, ही उडी तुमची.

शापोरा_६९
एवढा वाद कशाला? पावसात किनाऱ्यावर ओंडक्यांचा ढीग लागतो. फुकट घ्या की.

खाजनातला
पात्राव, ते लाकूड महिनोन्महिने खारात मुरलेलं असतं. शिवाय मे-जूनात वाळूवर डांबराचे गोळे येतात, ते त्यालाच चिकटतात. खार आठवडेभर पाणी बदलून कमी होईल, डांबर नाही. खारफुटी तर तोडूच नका, बेकायदा आहे. काजूचं ओलं लाकूडही नको. बिब्ब्याच्या कुळातलं झाड ते, चीक अंगावर उठतो.

विहीरवाली
लाकडाच्या बाजूने बोलणारे पाण्याबद्दल गप्प का? आमची विहीर जांभ्यातली, पाणी अगदी मृदू, पीएच (आम्लतेचं माप, सातच्या खाली गेलं की पाणी आंबट) मुळात ६.५ च्या आसपास. मोठं लाकूड टाकलं, पाणी कोऱ्या चहासारखं झालं. रंगाचं मला काही नाही, पण असल्या पाण्यात सावरून धरणारे क्षार नसतात. पीएच साडेपाचवर उतरला. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू सुस्तावले आणि टाकीचं तंत्र बिघडलं. शेवटी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, धुऊन फिल्टरमध्ये भरल्या, तेव्हा गाडी रुळावर आली.

करवंटी
पण ॲमेझॉनच्या काळ्या पाण्यात पीएच पाचपर्यंतही असतो!

विहीरवाली
तिथे नदी वाहते हो. माझी टाकी अडीच फुटी आहे.

करवंटी
हे मान्य. लाकूड लहान घ्यायचं, आधी उकळायचं, बादलीत भिजत ठेवायचं, हेही मान्य. नव्या लाकडावर पांढरी बुरशी येते तिला घाबरू नका, प्लेकोच फस्त करतात. पण लाकूड काढा म्हणाल तर मी काढणार नाही. नर त्याखालीच अंडी राखत बसतो.

तिसवाडीकर
माझा नर कालपासून मडक्यात शिरलाय. दाढी तेवढी बाहेर दिसते. मादीला आत घेत नाही अजून. १८०० रुपये वाचले असं मी धरून चाललोय.

विहीरवाली
ते राहू दे. फूटभर सकर ज्या टाकीत आहे ती किती फुटी?

तिसवाडीकर
तीन.

करवंटी
आणि मला विचारत होता, लाकडाचं खास काय!

खाजनातला
आता लाजेने तो तळ्यात सोडू नका म्हणजे मिळवली. तिकडे उजनीत हेच सकर कोळ्यांची जाळी फाडताहेत.

तिसवाडीकर
सोडत नाही. सहा फुटी टाकीवाला कोणी असेल तर सांगा, मासा फुकट देतो. मडक्यासकट.