झिजलेला बोल्ट: ड्रिल शेवटी
बोल्टचं डोकं गोल झालं की सरळ ड्रिल मारा, असं काही जण सुचवतात. मी ड्रिल अगदी शेवटी ठेवेन. आधी वायर ब्रशने गंज काढा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. मग सहा कोनी सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना). बारा कोनी नकोच, तो कोपऱ्यांवरच जोर देतो आणि उरलीसुरली धारही खातो. १३ मिमीचं डोकं झिजलं असेल तर १२ मिमीचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. त्या ठोक्यांनी आट्यांतला गंजही सैल होतो. 'कट्' आवाज होऊन बोल्ट हलला तर बहुधा सुटला. पण आवाज न होता पाना मऊ मऊ फिरू लागला तर लगेच थांबा, बोल्ट पिळला जातोय! एक्स्ट्रॅक्टर (बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटा फिरवत रुतवायचं, बोल्ट बाहेर काढणारं अवजार) फार जपून वापरा. तो आत तुटला तर त्या कडक पोलादात साधं ड्रिल शिरत नाही.