ओसीआय काढताना काय काय झालं? आपापले अनुभव लिहा

ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. सुरुवात मीच करते. माझी थोरली बहीण टोरांटोत असते. तिनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आणि त्याच दिवशी भारताचं संपलं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ९ च तसं आहे. "आता कार्ड आलं, म्हणजे ती दोन्हीकडची," असं आई गल्लीभर सांगते. तसं नाही. आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, मत देता येत नाही.

आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागलं. पुढं अर्ज अडकला तो एका 'राव'वर. शाळेच्या दाखल्यात बाबांच्या नावापुढं 'राव' आहे, पासपोर्टात नाही. ॲफिडेव्हिट करून पाठवलं, तेव्हा सुटलं. तुमच्याकडं कुठं अडलं? कोल्हापुरातनं कागद गोळा करणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

राजारामपुरीतून
फोटो! भाचीचा फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर काढला आणि अर्ज परत आला. ५१ बाय ५१ मिलिमीटर, चौकोनी, मागचा रंग फिकट पण पांढरा नको. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा, तो सवयीनं पांढराच पडदा लावतो.

पन्हाळा तालुक्यातून
आमचे पणजोबा संस्थानी काळात नैरोबीला गेले. त्यांची पणतवंडं आता इंग्लंडात. पणतवंडांपर्यंत ओसीआय मिळतं, पण मूळ माणूस इथला होता याचा कागद लागतो. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात जन्मलेला माणूस भारतीय कसा धरणार, ही मला धास्ती. पण संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि २६ जानेवारी १९५० ला जो नागरिक व्हायला पात्र होता त्याचे वंशजही नियमात बसतात.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, शोधायला चार खेपा झाल्या. रुमालात बांधलेलं दप्तर, पान उचललं की कडा झडायच्या. तिथल्या मामांनी वही फळीवर ठेवली आणि स्वतः एकेक पान उलटलं. सगळं मोडी लिपीत. एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिलं: बापाचं नाव, तारीख आणि 'मुलगा'. पोराचं नावच नाही! मग गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर गाठलं, त्यात तीच जन्मतारीख नावासकट निघाली. दोन्ही नकला जोडल्या. कार्डं आली. त्या मामांना मी अजून विसरलो नाही.

कागलहून
आमची सून जर्मन. परदेशी जोडीदाराला लग्न नोंदवलेलं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. आम्ही लग्न दणक्यात केलं, नोंदणी मात्र राहून गेली होती. परदेशातनं फी २७५ डॉलर, इथनं भरली तर १५,००० रुपये.

शिरोळहून
काका अमेरिकेतनं आले की उसात फिरायचे. ओसीआय मिळाल्यावर शेजारचं दोन एकर घ्यायचं ठरवलं, इसारापर्यंत बोलणी झाली. वकिलांनी थांबवलं: ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र राहते. आजोबांच्या जमिनीला त्यांची वारस नोंद लागली तेव्हा मी सातबाऱ्याचा फोटो पाठवला. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो मोठा करून आपलं नाव दोनदा वाचलं, मग विचारलं, "औंदा लागण कुठली केलीस?"